गिरणगावातील प्रेम आणि संसार : मराठी साहित्य व मौखिक परंपरा यांच्या आधारे एक विचार

१

मराठी साहित्यातील कामगारजीवनाच्या चित्रणाचा विचार आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी होत आला आहे. संप, मोर्चा, संघटना आणि वर्गजाणीव हे पहिले अंग. चाळ, कर्ज, आजार आणि उपासमार हे दुसरे. पहिल्या अंगाने पाहता कामगार हा लढणारा माणूस ठरतो, तर दुसऱ्या अंगाने पाहता सोसणारा. हाच माणूस कोणावर तरी जीव लावतो, लग्न करतो, बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो, मुलाच्या जन्माने हरखतो आणि कधी कधी घर मोडून दुसरे घर मांडतो, या गोष्टीची नोंद समीक्षेने घेतली ती बहुधा आनुषंगिक म्हणून. त्यामुळे कामगाराचे प्रेम आणि कामगाराचा संसार हा अभ्यासविषय एका बाजूने इतिहासकारांच्या आणि दुसऱ्या बाजूने साहित्याभ्यासकांच्या हातून निसटत राहिला.

या उपेक्षेमागे एक गृहीतक आहे, आणि ते स्पष्टपणे मांडले जात नसल्यामुळेच अधिक प्रभावी ठरले आहे. प्रेमाला सवड लागते, एकांत लागतो, भाषा लागते. या तिन्ही गोष्टी कष्टकऱ्याला लाभत नाहीत. सबब त्याच्या जीवनात विवाह असतो, वासना असते, सोबत असते, परंतु प्रेम असत नाही, असे हे गृहीतक आहे. ना. सी. फडके यांच्या काळापासून मराठी कादंबरीने प्रेमाचे जे रूप वाचकांच्या मनावर बिंबवले, त्यात दोन सुशिक्षित व्यक्ती, त्यांची परस्परनिवड, त्यांचा संवाद आणि त्यांना मिळणारा एकांत हे घटक अनिवार्य ठरले. हे माप घेऊन गिरणगावात शिरले तर हाती फारसे काही लागत नाही, हे खरे. मात्र त्यावरून तेथे प्रेम नव्हते असे अनुमान काढणे म्हणजे मापाचा दोष वस्तूच्या माथी मारणे होय.

प्रस्तुत लेखात प्रश्नाची मांडणी निराळ्या रीतीने केली आहे. कामगार प्रेम करीत होते की नाही, हा येथील प्रश्न नाही. ते कोणत्या जागेत, कोणत्या वेळात, कोणाच्या देखत आणि कोणत्या भाषेत प्रेम करीत होते, हा प्रश्न आहे. त्यासाठी मुंबईच्या गिरणगावाचे क्षेत्र निवडले असून जात्यावरच्या ओव्या, शाहिरी वाङ्मय, कविता आणि नाटक यांतील साक्ष सामाजिक इतिहासाच्या शेजारी ठेवून पाहिली आहे.

२

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेव येथे मुंबईतील पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढील अर्धशतकात भायखळा, लालबाग, परळ, शिवडी, वरळी, प्रभादेवी आणि दादर असा गिरण्यांचा पट्टा उभा राहिला. त्यांत काम करणारा माणूस प्रामुख्याने तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरील सातारा, पुणे, कोल्हापूर, अहमदनगर या भागांतून आला. हे स्थलांतर कुटुंबाचे नव्हते. ते पुरुषाचे होते, आणि बहुतेक प्रसंगी तरुण पुरुषाचे होते. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे सुमारे सव्वापाचशे स्त्रियांची नोंद झाली. या एका आकड्यात गिरणगावातील प्रेमाच्या इतिहासाची पहिली अट सामावलेली आहे. शहर पुरुषांचे आणि गाव बायकांचे, अशी ही विभागणी होती.

या विभागणीचे कारण शेती आणि मजुरी यांच्या सांध्यात शोधावे लागते. एकट्या पुरुषाच्या मजुरीवर मुंबईत कुटुंब पोसणे कठीण होते आणि कोकणातील तुटपुंज्या जमिनीवर गावात कुटुंब जगवणेही कठीण होते. दोन अपुऱ्या उत्पन्नांची जोड घालूनच घर चालत असे. पुरुषाने मुंबईतून मनीऑर्डर पाठवायची आणि बाईने शेत, म्हातारी माणसे, गुरे आणि मुले सांभाळायची. गिरणीमालकाला हा माणूस स्वस्तात मिळत असे, कारण त्याच्या आजारपणाचा, बेकारीचा आणि म्हातारपणाचा भार गावातील त्या बाईच्या श्रमावर पडत असे. म्हणजे नवराबायकोचा दुरावा हा वैयक्तिक दुर्दैवाचा भाग नव्हता. ती त्या उद्योगाच्या हिशेबातील एक बाब होती. गिरणी कामगाराच्या वेतनाचा इतिहास लिहिताना हा दुरावाही त्यात मोजला गेला पाहिजे.

वेळेचा विचारही येथेच करावयास हवा. आठवड्याची रविवारची सुटी ही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १० जून १८९० पासून मिळू लागली. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांवर १९११ च्या कायद्याने बारा तासांची मर्यादा घातली आणि १९३४ च्या कायद्याने ती दहा तासांवर आणली. कामगार चळवळीच्या इतिहासात हे टप्पे हक्कांचे टप्पे म्हणून नोंदले जातात. तथापि सुटीचा एक दिवस आणि संध्याकाळचे दोन तास म्हणजे मुलाला मांडीवर घेण्याचे, बायकोशी बोलण्याचे आणि सोयरिकीसाठी कोणाच्या दारी जाण्याचे तास होत. वेळेसाठी झालेला लढा हा संसारासाठी झालेला लढाही होता, हे लक्षात घेतले म्हणजे संघर्षाचे अंग आणि भावजीवनाचे अंग यांची फारकत टिकत नाही.

३

दुराव्याची भाषा प्रथम स्त्रियांनी घडवली. जात्यावरच्या ओव्यांतून मुंबईचे जे चित्र उमटले आहे, ते मुंबई न पाहिलेल्या बाईने केलेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जमवल्या गेलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या घरात जाते. या भांडारात मुंबई कधी नवऱ्याला ओढून नेणारी सवत होते, कधी लुगडे आणि चोळखण पाठवणारी उदार नगरी होते, तर कधी माणूस गिळणारी जागा होते.

ओव्यांचा विचार करताना एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. ओव्यांमध्ये भाऊ, आई आणि लेक यांच्याविषयीचे वात्सल्य मोकळेपणाने व्यक्त होते. नवऱ्याविषयीचे प्रेम मात्र आडून व्यक्त होते. त्याचे नाव घ्यायचे नसते. तो ‘कंथ’ असतो, ‘भरतार’ असतो, ‘हवशा’ असतो. यातील ‘हवशा’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. हौस करणारा, हौस पुरवणारा असा त्याचा अर्थ. नवरा आपल्यावर प्रेम करतो असे ओवी गाणारी बाई म्हणत नाही. तो आपली हौस करतो असे ती म्हणते. प्रेमाची खूण येथे उक्तीत नसून कृतीत, वस्तूत आणि केलेल्या खर्चात असते. अर्ध्या पगारातून वाचवून आणलेला खण ही या जगातील प्रेमाची उक्ती आहे.

पत्रव्यवहारातही हेच घडते. गावातील बाईला वाचता येत नसे आणि अनेकदा मुंबईतील पुरुषालाही लिहिता येत नसे. पत्र लिहिणारा तिसरा आणि वाचून दाखवणारा चौथा. ऐकायला सासू-सासरे, दीर, जाऊ आणि शेजारी. अशा पत्रात नवराबायकोचे म्हणून खासगी काही असणे शक्यच नव्हते. पत्राचा आरंभ वडीलधाऱ्यांना नमस्काराने, मध्य पैशाच्या आणि शेताच्या हिशेबाने आणि शेवट खुशालीने होत असे. या सर्वांच्या कानांवर पडणाऱ्या मजकुरातूनच पत्नीने आपल्यापुरता अर्थ वेचून घ्यायचा असे. शिमग्याला येतो, गणपतीला येतो, एवढ्या वाक्यात तिला हवे ते सगळे असे. खासगी भाषा नसणे म्हणजे खासगी भावना नसणे नव्हे. सार्वजनिक भाषेत खासगी अर्थ दडवण्याचे ते एक कौशल्य होते.

दुराव्याची दुसरी बाजू, म्हणजे पुरुषाची बाजू, शाहिरीतून प्रकट झाली. अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांची ‘माझी मैना’ ही छक्कड या संदर्भात मध्यवर्ती ठरते. पोटासाठी मुंबईला निघालेला तरुण, मागे राहिलेली बायको, निरोपाचा प्रसंग, तिच्या रूपाची आणि लेण्यांची आठवण, मग शहरातील वैभव व बेकारी यांचा विरोध आणि शेवटी संयुक्त महाराष्ट्राचा लढा, असा तिचा प्रवास आहे. समीक्षेने या छक्कडीचा विचार बहुधा रूपक म्हणून केला : दुरावलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला सीमाभाग. हा अर्थ रचनेतच आहे, यात शंका नाही. परंतु रूपकाचा भार कशावर उभा राहिला, हे विचारले गेले नाही. राजकीय दुरावा समजावून सांगण्यासाठी शाहिराने ज्या अनुभवाचा आधार घेतला, तो मैदानात बसलेल्या श्रोत्यांपैकी असंख्य जणांचा स्वतःचा अनुभव होता. सीमाप्रश्न त्यांना पटवून द्यावा लागला असेल. गावी राहिलेली बायको म्हणजे काय, हे पटवून द्यावे लागले नाही. प्रेम येथे राजकारणाचे अलंकरण म्हणून आलेले नाही. राजकारणाला कळण्याजोगे करणारी ती मूळ ठेव आहे.

अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने लावणीपरंपरेतील शृंगाराची चौकट घेतली, पण तीतील नायिका बदलली. बैठकीतील विलासिनीच्या जागी गावी राहिलेली घरची बायको आली. मराठी शृंगारकाव्याच्या इतिहासात या बदलाची नोंद स्वतंत्रपणे व्हावयास हवी.

४

गावाहून आलेला माणूस मुंबईत राहत असे तो गावकीच्या खोलीत. एका गावच्या पाचपंचवीस पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली ही खोली, कोकणी कामगारांच्या बोलीत ‘गाळा’. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवरचा एक खिळा. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीचा माणूस त्याच जागेवर पाठ टेकत असे. या खोलीत स्त्रीला वावर नव्हता. गावकीचे नियम, गावच्या भांडणांचे निवाडे आणि वर्तनावरची नजर हे सगळे गावाहून येथे आलेले असल्यामुळे, शहरात येऊनही माणूस गावच्या देखतच जगत असे.

या पुरुषजगाच्या जेवणाची सोय खानावळीत होत असे, आणि खानावळ चालवणारी बहुधा स्त्री असे : कोणी विधवा, कोणी टाकलेली, कोणी नवऱ्याचा पगार पुरत नाही म्हणून दहा-पंधरा गड्यांचा स्वयंपाक करणारी. पगार महिन्याने होत असल्याने जेवण उधारीवर चाले. संपाच्या काळात तर महिनोन् महिने. १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपात कामगार तगला, त्यामागे गावाचा आधार, वाण्याची उधारी आणि खानावळवालीचे धान्य या तिन्हींचा वाटा होता. गिरणी कामगार युनियनच्या इतिहासात या स्त्रियांना जागा अभावानेच मिळाली. पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना झाली आणि खानावळवाल्या बायका संघटितपणे समाजापुढे आल्या.

खानावळवाली आणि तिच्याकडे जेवणारा कामगार यांच्यातील संबंध हा या इतिहासाचा अवघड भाग आहे. तो कधी आईचा असे, कधी बहिणीचा, आणि कधी तो नवराबायकोसारखाही होत असे. मध्यमवर्गीय लेखनात या शेवटच्या संबंधाला ‘ठेवणे’ या शब्दाने उरकले जाते. या शब्दात कर्तेपण पुरुषाचे आहे. तो ठेवतो आणि ती ठेवली जाते. वस्तुतः अनेकदा खोली तिची, चूल तिची आणि कमाईही तिची असे. तो तिच्या घरी राहायला येत असे. भाषेने येथे वस्तुस्थिती उलटी करून दाखवली आहे. तथापि या संबंधाला आदर्श रूप देण्याचेही कारण नाही. गावी लग्नाची बायको वाट पाहत असे, तिच्या मनीऑर्डरीची रक्कम घटत असे, आणि पुरुष मरण पावला तर शहरातील स्त्रीच्या हाती त्याच्या पगाराचा एक पैसाही लागत नसे. एकाच पुरुषाच्या दोन घरांतील दोन्ही स्त्रिया असुरक्षित होत्या; त्यांच्या असुरक्षिततेचे प्रकार तेवढे निराळे होते.

ज्यांना बायकामुले आणणे शक्य झाले, त्यांचा संसार चाळीतील एका खोलीत उभा राहिला. १९२० च्या दशकात मुंबई विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्यांतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत आईबाप, दोन भाऊ, त्यांच्या बायका, मुले आणि गावाहून नोकरी शोधायला आलेला भाचा असे कुटुंब राहत असे. नवविवाहित जोडप्याला एकांत मिळे तो इतरांच्या समजुतीने. पुरुष गॅलरीत किंवा फुटपाथवर झोपायला जात, म्हातारी शेजारच्या खोलीत पाठ टेकत असे, कोणी मुद्दाम रातपाळी मागून घेत असे. एकांत ही येथे दोघांनी मिळवलेली वस्तू नव्हती. ती आठ-दहा माणसांनी न बोलता दिलेली भेट होती. मध्यमवर्गीय कादंबरीत कुटुंब प्रेमाच्या आड येते; चाळीत कुटुंबाने बाजूला सरकल्याखेरीज प्रेमाला जागाच मिळत नसे. हा फरक साहित्यविचारात महत्त्वाचा मानला पाहिजे.

५

गिरणगावातील स्त्री केवळ वाट पाहणारी किंवा रांधणारी नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत गिरण्यांतील कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. रिळखाते आणि वाइंडिंग खाते ही त्यांची मुख्य क्षेत्रे. त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या बाईला नायकीण म्हणत. यांपैकी कित्येकजणी विधवा किंवा परित्यक्ता होत्या. म्हणजे गावातील कुटुंबाने ज्यांना सामावून घेतले नाही, त्यांना गिरणीने पगार दिला. तान्ह्या मुलाला घरी निजवून ठेवण्यासाठी अफू असलेली बाळागोळी देण्याची प्रथा याच काळात गिरणी कामगार स्त्रियांमध्ये होती, आणि तत्कालीन पाहण्यांनी तिची नोंद केली आहे. या प्रथेकडे आईच्या निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून पाहिले गेले. खाडा झाला तर नोकरी जाणार आणि नोकरी गेली तर मूल उपाशी राहणार, अशा पेचातील आईची ती निरुपाय माया होती, असेही तिच्याकडे पाहता येते. मातृप्रेमाचा इतिहास लिहिताना भोंग्याच्या वेळेकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याचा पुरस्कार केला. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला. कामगार स्त्रीचे बाळंतपण ही केवळ तिच्या घरची बाब नसून तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्याचीही जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. परंतु या घटनेची दुसरी बाजूही आहे. प्रसूती लाभाचा खर्च, स्त्रियांच्या रात्रीच्या कामावरील बंदी आणि कामाच्या फेररचनेत वाइंडिंग-रिळखात्यांत झालेली कपात या कारणांनी पुढील दशकांत गिरण्यांतून स्त्रिया घटत गेल्या. कामगार संघटनांनी पुरुषाच्या वेतनात कुटुंब पोसले जावे अशी मागणी केली. ती न्याय्य होती. मात्र तिच्या पोटी घराचा कमावता तो पुरुषच, हा विचारही दृढ झाला. बायकोला गिरणीत जावे लागत नाही ही प्रतिष्ठेची खूण ठरली. मध्यमवर्गात ‘गृहिणी’ ही परंपरेने दिलेली भूमिका होती. गिरणगावात ती दोन पिढ्यांच्या कष्टांनंतर हाती आलेली आकांक्षा होती.

या स्थित्यंतराची साक्ष देणारे लेखन मराठीत थोडे आहे, म्हणूनच पार्वतीबाई भोर यांच्या ‘एका रणरागिणीची हकीकत’ (१९७७) या आत्मकथनाचे आणि गिरणीतील स्त्रियांना संघटित करणाऱ्या उषाबाई डांगे यांच्या ‘पण ऐकतं कोण?’ या आत्मचरित्राचे मोल मोठे आहे. चळवळ आणि घर या गोष्टी स्त्रीच्या कथनात वेगळ्या करता येत नाहीत, हे या दोन्ही लेखनांनी दाखवले. पुरुषांच्या चळवळविषयक आठवणींत घर बहुधा पार्श्वभूमीला असते; येथे ते प्रत्यक्ष कार्यक्षेत्र होते.

६

गिरणगावाने नव्या ओळखी घडवल्या, तरी जात वितळली नाही. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, पगार तुलनेने बरा होता. परंतु तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडीचे सूत संपले की नवे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावावा लागे, हे त्याचे कारण सांगितले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला होता. साच्यावर जी सीमा होती तीच विवाहात होती, हे येथे ध्यानात येते. दोन्ही ठिकाणी प्रश्न शरीराचा, तोंडाचा आणि उष्ट्याचा होता. खांद्याला खांदा लावून मोर्चात चालणारी माणसे एका धोट्याला तोंड लावू शकत नव्हती; त्यांच्या मुलामुलींनी परस्परांशी लग्न करणे ही तर दूरची गोष्ट. चाळी आणि वस्त्याही बऱ्याच अंशी जातीनिहाय आणि गावनिहाय होत्या. वर्गाच्या एकजुटीची खरी कसोटी संपाच्या मैदानात नव्हे, तर सोयरिकीच्या बैठकीत लागत असे, आणि त्या कसोटीला ती क्वचितच उतरली. मामा वरेरकरांनी गिरणीजीवनावरील आपल्या कादंबरीला ‘धावता धोटा’ असे नाव दिले. उद्योगाच्या गतीचे प्रतीक म्हणून ते समर्पक आहे. पण त्या धोट्याला कोणाचे तोंड लागू शकत होते, हा प्रश्न मराठी साहित्याने विचारला तो दलित साहित्याच्या उदयानंतर.

जातींच्या संदर्भात विवाहप्रथेचाही उल्लेख आवश्यक आहे. कामगारवर्ग ज्या जातींतून आला त्यांपैकी अनेकींत विधवेचा ‘पाट’ किंवा ‘मोहतर’ रूढ होता. ब्राह्मणी समाजात विधवाविवाह हा सुधारकांच्या शौर्याचा विषय असताना या जातींत तो व्यवहाराचा भाग होता. तथापि कुळाची प्रतिष्ठा वाढवू पाहणाऱ्या घरांनी पाट वर्ज्य मानण्यास प्रारंभ केला. म्हणजे एकीकडे वरच्या जाती विधवाविवाह स्वीकारीत असताना, दुसरीकडे वर चढू पाहणारी कष्टकरी घराणी तो सोडत होती. सुधारणेचा इतिहास सरळ रेषेत चालत नाही, याचे हे उदाहरण होय.

७

या पार्श्वभूमीवर नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांच्या कवितेचा विचार केला असता तिची काही परिमाणे नव्याने उजळतात. सुर्वे यांचे स्वतःचे चरित्रच कुटुंबाविषयीच्या रूढ कल्पनेला छेद देणारे आहे. रस्त्यावर सापडलेल्या या मुलाला गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या गिरणी कामगार दांपत्याने वाढवले आणि आपले नाव दिले. रक्ताच्या नात्याविना, जातीची चौकशी न करता कुटुंब घडू शकते, ही गोष्ट त्यांच्या कवितेत तत्त्व म्हणून येण्यापूर्वी त्यांच्या आयुष्यात वस्तुस्थिती म्हणून आलेली होती. ‘तुमचंच नाव लिवा’ या कवितेत वेश्यावस्तीतील आई मुलाला शाळेत घालायला येते आणि बापाच्या नावाचा रकाना मास्तरांपुढे उभा राहतो, तेव्हा कुटुंबाची कागदोपत्री व्याख्या आणि माणसाची गरज यांतील अंतर विनोद आणि करुणा यांच्या सीमेवर प्रकट होते.

‘तेव्हा एक कर’ ही कविता तर प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. आपण नसू तेव्हा पत्नीने डोळे पुसावेत, मन मोकळे ठेवावे आणि आपली आठवण ठेवून वा न ठेवता नव्याने घर मांडावे, असे कवी तिला सुचवतो. ही कविता बहुधा कवीच्या उदार मनाचा आणि आधुनिक दृष्टीचा आविष्कार म्हणून वाचली जाते. ते चूक नाही. परंतु पाटाची रूढी ज्यांच्या परिसरात होती आणि ती हळूहळू लोपत होती, अशा समाजातील ही कविता आहे, हे लक्षात घेतले तर तिचा अर्थ दाट होतो. पाटात विधवेचे दुसरे घर ही सोय होती. तीत तिच्या मनाचा विचार होतोच असे नाही. सुर्वे यांनी त्या सोयीला संमतीचे आणि स्नेहाचे रूप दिले. रूढीतील मोकळीक आणि आधुनिक प्रेमातील आदर यांचा सांधा येथे जुळला आहे, आणि तो मध्यमवर्गीय प्रेमकवितेतून उसना आणलेला नाही.

सुर्वे यांच्या पत्नी कृष्णाबाई यांचे ‘मास्तरांची सावली’ हे आत्मकथन या कवितेशेजारी ठेवून वाचले पाहिजे. कवितेतील सहचरीला तेथे स्वतःचा आवाज मिळतो. कवीने ज्या संसाराला विचार दिला, तो संसार रोजच्या रोज कोणी आणि कशाच्या बळावर उभा ठेवला, याचे उत्तर कवितेत अर्धेच मिळते. उरलेले अर्धे तिच्या कथनात आहे.

८

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. हा संप रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला आणि त्याबरोबर गिरण्याही. या संपाचे आर्थिक परिणाम पुष्कळ चर्चिले गेले. संसाराच्या अंगाने पाहता त्याने पुरुषाला घरी बसवले आणि बाईला पुन्हा बाहेर काढले. पोळीभाजीचे डबे, पापड, शिवणकाम, घरकाम अशा मार्गांनी घर तिच्या कमाईवर चालू लागले. दोन पिढ्यांनी मिळवलेली गृहिणीपणाची प्रतिष्ठा एका वर्षात ढासळली, आणि कमावता म्हणून पुरुषाचे जे स्थान होते तेही गेले. काही घरांत यातून दारू आणि मारहाण आली. काही घरांत नवराबायको प्रथमच बरोबरीने डबे भरू लागले. कित्येकजण गावी परतले. आयुष्यभर वर्षातून दोनदा भेटलेली जोडपी उतारवयात प्रथमच सलग एका छपराखाली राहू लागली. त्यांना एकमेकांची ओळख नव्याने करून घ्यावी लागली.

जयंत पवार (१९६०–२०२१) यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकाने लालबागच्या चाळीतील एका कुटुंबाच्या रूपाने ही पडझड उभी केली. तेथे कामगारचळवळीचा पराभव घोषणांतून सांगितला जात नाही. तो घरातल्या माणसांच्या बोलण्यातून, ताटावरच्या भांडणातून आणि आईच्या धडपडीतून कळतो. जी खोली कधी काळी आठ-दहा माणसांच्या समजुतीवर चालत असे, तीत आता एकमेकांसाठी बाजूला सरकण्याचे बळ कोणात उरलेले नाही. एका उद्योगाचा अंत म्हणजे जिव्हाळ्याच्या एका रचनेचा अंत कसा असतो, हे मराठी नाटकात याहून प्रत्ययकारी रीतीने क्वचितच आले आहे.

९

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. गिरणगावातील प्रेमाला सवड, एकांत आणि खासगी भाषा लाभली नाही. परंतु त्याने वस्तू, वेळ आणि इतरांची साथ यांतून स्वतःची भाषा घडवली. हे प्रेम उद्योगाच्या रचनेपासून अलग नव्हते : दुरावा वेतनाच्या हिशेबात होता, मातृत्व भोंग्याशी बांधलेले होते आणि विवाह जातीच्या सीमेत होता. या प्रेमाची सर्वांत मोठी किंमत स्त्रियांनी मोजली, मग ती गावी राहिलेली असो, खानावळ चालवणारी असो वा रिळखात्यात उभी असो. आणि मराठी साहित्यात या अनुभवाची साक्ष ज्या प्रकारांत उमटली, त्या ओवी, छक्कड आणि सांगून लिहवलेली हकीकत या प्रकारांना समीक्षेने प्रेमसाहित्य म्हणून वाचलेलेच नाही.

ही वाचनातील उणीव भरून काढण्यास फार अवधी उरलेला नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील माणसांच्या मुलाखतींतून सिद्ध केलेला मौखिक इतिहास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्या दिशेने किती काम करता येण्याजोगे आहे ते त्याने दाखवून दिले. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आहेत. बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आहे. संपाच्या वेळी तरुण असलेली माणसे आज वृद्ध आहेत. कागदपत्रांत संपाच्या तारखा सापडतील, वेतनाचे दर सापडतील. कोणी कोणासाठी रातपाळी मागून घेतली, कोणत्या पगारातून कोणता खण घेतला आणि ‘शिमग्याला येतो’ हे वाक्य ऐकून कोणाला काय वाटले, हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. ते सांगणाऱ्यांच्या तोंडूनच ऐकावे लागेल. मराठीच्या अभ्यासकाने मुलाखतीची वही घेऊन त्या खोल्यांत जाणे हे साहित्याभ्यासाबाहेरचे काम नव्हे. ओव्या, छक्कड आणि कविता यांचा पूर्ण अर्थ तेथेच मिळणार आहे.